ऑनलाइन हिरा घेताना पैसा कुठे घालावा

हिरा प्रत्यक्ष न पाहता विकत घ्यायचा असेल, तर आधी प्रमाणपत्र पाहावे आणि मगच किंमत. जीआयएसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल नसलेला हिरा कितीही स्वस्त मिळत असला तरी त्याच्या वाटेला जाऊ नका, कारण विक्रेत्याने स्वतःच ठरवलेल्या प्रतीवरून भाव पारखता येत नाही.

गोल हिऱ्यात सर्वाधिक पैसा कटवर, म्हणजे पैलू पाडण्याच्या घडणीवर, खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. रंग आणि शुद्धता उत्तम असूनही कट सुमार असेल, तर प्रकाश तळातून निसटतो आणि हिरा मलूल दिसतो. शिवाय जास्त खोल कापलेल्या हिऱ्याचे वजन पोटात दडते, त्यामुळे पैसे पूर्ण कॅरटचे जातात आणि वरून आकार मात्र लहान दिसतो. म्हणून अहवालातील मापे अवश्य वाचा. चांगल्या घडणीचा १ कॅरटचा गोल हिरा सुमारे ६.४ मिलिमीटर व्यासाचा, तर ०.९० कॅरटचा सुमारे ६.२ मिलिमीटरचा असतो. हा फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो, पण पूर्ण आकड्यापाशी कॅरटमागचा भाव एकदम चढतो.

शुद्धतेत व्हीएस२, म्हणजे सहसा भिंगातूनच दिसणारे बारीक दोष असलेली प्रत, बहुधा पुरेशी ठरते. मात्र व्हिडिओत मधोमध काळा डाग दिसला, तर तो हिरा सोडून द्यावा. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात आय किंवा जे या किंचित पिवळसर छटेच्या प्रतीचा रंगही खुलतो.

हिरा हाती आल्यावर त्याच्या कडेवर लेसरने क्रमांक कोरलेला असेल, तर तो भिंगातून अहवालाशी ताडून पाहा आणि परतीची मुदत संपण्यापूर्वी स्वतंत्र जाणकाराकडून तपासणी करून घ्या. ही मुदत किती आणि परतीचा खर्च कोणाचा, हे पैसे भरण्याआधीच लेखी मिळवा.