इम्पाला, किंग्जवे आणि तुमचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत जुन्या मोठ्या अमेरिकन गाड्यांबद्दल बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

१९६५ची शेवरोले इम्पाला बघून ठेवली आहे. आत आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन नाही, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. मालक म्हणतात, कागद क्लिअर आहेत, शिवाय मायलेजही मिळेल. घ्यावी का? – गिरगाव

मायलेजबद्दल मालक खरं बोलत असतील. एकेकाळी मुंबईत कितीतरी इम्पाला आणि डॉज टूरिस्ट टॅक्सी म्हणून धावल्या आणि पेट्रोल परवडेना म्हणून त्यांत डिझेल इंजिनं बसली. प्रश्न कागदांचा आहे.

आरसीवर चार नोंदी बघा : इंधन, इंजिन नंबर, सिलिंडर आणि सीसी. गाडीत डिझेल आणि आरसीवर पेट्रोल असेल, तर नावावर करायच्या वेळी तपासणीत गाडी अडकते. हा बदल मालकाने स्वतः आरटीओत नोंदवून घ्यावा, मगच पैसे द्या. 'नंतर करून देतो' यावर जाऊ नका.

मग चेसिस नंबर. १९६५च्या गाडीवर ही पट्टी डाव्या पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर रिव्हेटने ठोकलेली असते. नंबर १६४ने सुरू होत असेल तर गाडी कारखान्यातून व्ही-८ घेऊन निघालेली इम्पाला, १६३ असेल तर सहा सिलिंडरवाली. पुढचे दोन आकडे बॉडीचे : ३९ म्हणजे मधला खांब नसलेली चार दारांची हार्डटॉप, ६९ म्हणजे साधी चार दारांची सेदान. त्यानंतरचा ५ हा सालाचा आकडा, मग कारखान्याचं अक्षर आणि सहा आकडी क्रमांक. पट्टीवर १६३ आहे आणि विकणारा 'ओरिजिनल व्ही-८ होती हो' म्हणतोय, तर बाकीची माहितीही त्याच मापाने मोजा. पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. जुन्या आरसीवर एखादा आकडा चुकीचा उतरलेला असणं नेहमीचंच आहे. तो दुरुस्त होतो, पण विकणाऱ्याच्या नावावर गाडी असतानाच करून घ्यावा.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र ही गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची, रोज ऑफिसला न्यायची नाही. आणि मुख्य अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. डिझेल इम्पाला नेमकी इथेच अडते. साध्या नोंदणीचं नूतनीकरण करत राहायचं म्हटलं, तर आरसीवर 'इम्पोर्टेड' असलेल्या २० वर्षांवरच्या चारचाकीला ऑगस्ट २०२५पासून ८०,००० रुपये फी आहे. भाव ठरवताना हा आकडा विसरू नका.

व्ही-८ परत बसवायचा तर नुसतं इंजिन आणून भागत नाही. माउंटिंग, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर, दोन्ही मॅनिफोल्ड आणि वायरिंग, सगळं लागतं. शिवाय डिझेल इंजिनाखालची ऑइलची टाकी बसावी म्हणून पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे चेसिसचा आडवा दांडा, कापून वेल्डिंग केलेलं असू शकतं. गाडीखाली आडवं होऊन ते बघा. कापलेला असेल तर आमच्या मते ती गाडी सोडून द्यावी. नसेल आणि पत्रा चांगला असेल, तर फक्त बॉडीची किंमत द्या. डिझेल इंजिनाचे पैसे देऊ नका, ते तुम्ही काढूनच टाकणार आहात.

गाडी बघायला जाताना मिस्त्री सोबत नसेल तर गंज कसा ओळखायचा? – चेंबूर

टॉर्च, छोटा लोहचुंबक, जुना स्क्रूड्रायव्हर आणि अंगाखाली टाकायला पोतं. चुंबकावर पातळ फडकं गुंडाळा, रंगाला ओरखडा पडणार नाही.

चाकांच्या कमानी, दारांचा खालचा वीतभर भाग आणि मागच्या काचेचे खालचे कोपरे, इथे चुंबक फिरवा. जिथे तो सुटून पडतो तिथे रंगाखाली पुट्टीचा थर आहे. मागच्या काचेभोवतीच्या क्रोम पट्टीखाली पाणी साठतं, पट्टीच्या क्लिपांच्या भोकांतून डिकीत उतरतं आणि स्पेअर चाकाच्या खड्ड्यात तळं करतं. डिकीतलं मॅट उचलायला विकणाऱ्याने नाही म्हटलं, तर तिथे काय आहे ते कळलंच. व्हिनाइलचं छत असेल तर काचेलगत बोटाने दाबा, कुरकुर आवाज आला की खालचा पत्रा गेला.

आता चेसिस. १९५८ ते १९६४च्या इम्पालाची चेसिस इंग्रजी 'एक्स'च्या आकाराची, बाजूंना लांब पट्टे नाहीत. मागचे दोन हात ॲक्सलवरून वळतात तिथे, कॉइल स्प्रिंगच्या बैठकीजवळ, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज हवा, बद्द नको. १९६५पासून चौकट बाहेरून फिरते. त्यात मागच्या चाकापुढे चेसिस वर उचलली जाते तो पोकळ भाग चिखल धरून आतून कुजतो. वरून काळा रंग ताजा दिसला तर संशय दुप्पट करा.

शेवटची परीक्षा जॅकची. पुढच्या चाकामागे चेसिसला जॅक लावून ते चाक जमिनीपासून बोटभर उचला आणि दारं उघडून बंद करा. आधी नीट लागणारं दार आता अडकत असेल, तर चेसिस किंवा बॉडीचे माउंट गेलेले आहेत. मधला खांब नसलेल्या हार्डटॉपमध्ये हे लगेच दिसतं.

एक जास्तीची सूचना : जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात बघा. विकणारे तेव्हा कुरकुरतात, म्हणूनच.

आणि क्रोम पट्ट्या, टेललाइटच्या काचा, बंपरचे तुकडे मोजून घ्या. शेवरोलेच्या लहान व्ही-८चे पिस्टन, गॅस्केट, वॉटर पंप अमेरिकेत आजही बनतात. चार दारांच्या गाडीची पट्टी मात्र नवीन सहसा बनत नाही, कारण तिथे सगळ्यांना दोन दारांची हवी असते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसला एखादी सापडलीच तर नशीब.

डॉज किंग्जवे ट्रॅफिकमध्ये तापते. रेडिएटरचा कोअर नवीन, थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी फरक नाही. – ठाणे

किंग्जवेच्या सपाट डोक्याच्या सहा सिलिंडर इंजिनात, वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या लांबीभर एक पातळ पत्र्याची नळी असते. तिच्या भोकांतून थंड पाणी प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीपाशी पोचतं. नळी कुजली की पाणी पुढच्या पुढे फिरतं आणि पाचवा-सहावा सिलिंडर कोरडा पडतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेल्या या गाड्या आता सत्तरी गाठून आहेत. नळी कधी बदलली नसेल तर ती गेलेलीच समजा.

खात्री करायची तर इंजिन तापल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडचं पुढचं आणि मागचं टोक मोजा. मागचं ठळकपणे जास्त तापत असेल तर निदान झालं.

काम असं : पाणी सोडा, रेडिएटर बाहेर, पंखा-पट्टा, मग पंप. मागे नळीचं तोंड दिसेल. टोक वाकवलेल्या सळईचा आकडा त्यात अडकवून हळूहळू ओढा. ती तुकड्यातुकड्यांनी येईल, घाई केली तर मागचा अर्धा भाग आतच राहील. नवी घालायच्या आधी ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग (भोकांवरची पत्र्याची झाकणं) काढा आणि तारेने आतला गाळ उकरा. ही पायरी टाळली की नवी नळीही महिन्याभरात चोंदते. नळी पितळेची मिळाली तर तीच घ्या.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढल्याने इंजिन उशिरा गरम होतं आणि तेलात गाळ धरतो, एवढंच.

इम्पाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसेल का? – बोरिवली

१९६५ची गाडी ५.४१ मीटर लांब, २.०२ मीटर रुंद. मोठ्या गाडीचा गाळा ५.५ × २.५ मीटरचा असतो, त्यात लांबीला चार बोटं उरतात. छोटा गाळा ४.५ मीटरचा, तिथे प्रश्नच नाही. स्टॅक पार्किंगच्या (एकावर एक गाड्या ठेवायच्या यंत्राच्या) पाटीवर कमाल लांबी लिहिलेली असते ती वाचा, बहुधा नाहीच बसणार. तळघराचा उतार असेल तर मागचा बंपर आधी टेकतो. टोकन देण्याआधी टेप घेऊन खाली उतरा.

ई-२० पेट्रोलने जुन्या कार्ब्युरेटरला काय होतं? – डोंबिवली

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. दोन गोष्टी होतात. पहिली रबराची. पेट्रोल पंपाचा डायफ्राम, ॲक्सिलरेटर पंपाचा वॉशर, पेट्रोलच्या नळ्या, सगळं जुनं रबर इथेनॉलने फुगतं किंवा तडकतं. गळती थेट गरम मॅनिफोल्डवर होते. हे सगळं व्हिटॉनचं, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं बसवा आणि पुढच्या सीटखाली २ किलोचा अग्निशामक ठेवा.

दुसरी मिश्रणाची. त्याच हवेला ई-२० सुमारे ८ टक्के जास्त लागतं, म्हणून गाडी खोकते, प्लग पांढरे पडतात. रॉचेस्टर कंपनीच्या दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरमध्ये जेटवरचा (ज्याच्या भोकातून पेट्रोल येतं त्यावरचा) आकडा म्हणजे भोकाचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात. भोकाचं क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढवायला व्यास ४ टक्के वाढवावा लागतो. म्हणजे ५१चा जेट असेल तर ५३ घाला, दोन्ही बाजूंना. ड्रिलने भोक मोठं करू नका, कडा खराब होतात. नंतर प्लग बघा. फिकट तपकिरी आले की थांबा.

गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर पाऊस लागायच्या आधी टाकी रिकामी करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते तळाशी बसतं आणि गंज तिथून सुरू होतो.

स्टिअरिंग डावीकडे आहे. चालेल का? – माहीम

चालेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२०नुसार अशा गाडीला चालू स्थितीतलं सिग्नल दाखवणारं साधन हवं. चारही इंडिकेटर नीट ठेवा. ओव्हरटेक करताना शेजारी बसणाऱ्याचे डोळे लागतील.

किंग्जवेच्या डाव्या चाकांचे बोल्ट सुटत नाहीत, एक तुटलाही. – परळ

डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. बोल्टच्या डोक्यावर बऱ्याचदा इंग्रजी 'एल' कोरलेला असतो, गंज घासल्याशिवाय दिसत नाही. बाकीच्यांना रात्रभर पेनिट्रेटिंग तेल लावून ठेवा, आणि पंक्चरवाला एअर गन उचलायच्या आत त्याला हे सांगा.