गावात राहून गिटहब सुरू कसं करायचं? खातं काढलं, पुढं काय?

भाऊ, तू लिहिलं की बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गावात रेंज कधी असते कधी नसते, लॅपटॉप जुना, अन गिटहबवर खातं काढून महिना झाला पण पुढं काय करायचं ते समजून नाही राहिलं. मी दारव्हा तालुक्यातला, आमच्याकडंही नेट पाहिजे असलं तर स्लॅबवर चढावं लागते, म्हणून हे उत्तर आपल्यासारख्याच्या हिशोबानं देतो.

पहिले हे डोक्यात बसव की गिट वेगळं अन गिटहब वेगळं. मला हे समजायला सहा महिने लागले. गिट म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर, लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलं. गिटहब ही २००८ ला सुरू झालेली साइट, तिथं गिटवाला कोड ठेवता येतो, बस. गिट वापरायला खातंही लागत नाही अन नेटही लागत नाही. नेट फक्त क्लोन (अख्खा कोड पहिल्यांदा उतरवणं), पुल (नवे बदल खाली आणणं) अन पुशला (आपले बदल वर पाठवणं). दिवसभर शेतात मोटरपाशी बसून कमिट मारत (म्हणजे बदलांची नोंद करत) राहा, संध्याकाळी स्लॅबवर गेला की एकदा पुश कर, दहावीस कमिट एकदमच जातात अन नुसता कोड असला तर त्याला व्हॉट्सॲपच्या एका फोटोएवढाही डेटा लागत नाही.

कमिट म्हणजे काय हे मला पुस्तकातून नाही, तलाठी कार्यालयात समजलं. सातबारावर आज काय आहे ते दिसते, पण जमीन कोणाकडून कोणाकडं कधी गेली ते फेरफारात. तुझ्या फोल्डरमधल्या फाइली म्हणजे सातबारा अन कमिट म्हणजे फेरफार, कोणी केलं, कधी केलं, काय बदललं, आणि नवीन नोंद झाली म्हणून जुनी पुसली जात नाही. हे शेवटचं लक्षात ठेव, खाली कामी येते.

आता सुरुवात. गिट टाकल्यावर कॉन्फिगमध्ये (गिटच्या सेटिंगमध्ये) नाव अन ईमेल भरायचा असते, तिथं गिटहबवर जोडलेलाच ईमेल टाक. दुसरा टाकला तर कोड वर जाते पण प्रोफाइलवरचे रोजचं काम दाखवणारे हिरवे चौकोन येत नाही अन माणूस उगाच डोकं खाजवत बसते. हा ईमेल प्रत्येक कमिटमध्ये सगळ्या जगाला दिसते, ते नको असेल तर गिटहबच्या ईमेल सेटिंगमध्ये खरा पत्ता लपवून तिथला नोरिप्लायवाला पत्ता वापर.

मग गिटहबवर नवीन रेपो (प्रोजेक्टचा फोल्डर समज) काढ, पण कोड तुझ्याकडं आधीच लिहिलेला असेल तर रेपो रिकामाच काढ, रीडमी (प्रोजेक्टची माहिती सांगणारी फाइल) जोडायच्या खुणेला हात लावू नको. ती खूण केली की तिकडं एक कमिट आपोआप होते, मग तुझा पहिला पुश रिजेक्ट होते अन नवा पोट्टा तिथंच घाबरते. दुसरा घोळ मेन अन मास्टरचा. गिटहब २०२० पासून मुख्य ब्रँचला (कोडच्या फांदीला) मेन म्हणते, लॅपटॉपवरचं गिट बहुतेक ठिकाणी अजून मास्टर बनवते. रिफस्पेक मॅच होत नाही अशी एरर आली तर बहुतेक वेळा हेच असते, ब्रँचचं नाव बदललं की झालं.

पासवर्डचंही सांगून ठेवतो. १३ ऑगस्ट २०२१ पासून पुश करताना खात्याचा पासवर्ड चालतच नाही, पण यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजून तेच शिकवून राहिले. विंडोज असेल तर गिटसोबत क्रेडेन्शियल मॅनेजर येते, तो ब्राउझर उघडून लॉगिन करून घेते. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी फाइलची जोडी) बनवून टाक, एकदाचं काम. अन टू फॅक्टर (लॉगिनला पासवर्डसोबत दुसरी ओळख) लावताना जे रिकव्हरी कोड मिळतात ते वहीत लिहून ठेव, मोबाइलमध्येच ठेवून मोबाइल विहिरीत पडला तर खातं गेलं समज.

आता माझा गाढवपणा ऐक. बाबांच्या कापसाचा हिशोब ठेवायला एक छोटी वेबसाइट बनवली होती, कोणत्या दिवशी किती क्विंटल, काय भाव, व्यापाऱ्यानं किती दिले, अन विकल्यावर बाबांना एसएमएस जायचा. त्या एसएमएस सर्व्हिसची की (पासवर्डसारखा गुप्त कोड) मी सरळ कोडमध्ये लिहिली अन रेपो पब्लिक. दोन दिवसात बॅलन्स साफ! घाबरून मी ती ओळ खोडली, परत पुश केलं अन निवांत झालो. पण फेरफार राहिलाच ना बाप्पा, जुन्या कमिटमध्ये की तशीच्या तशी दिसत होती. असं झालं तर आधी की रद्द करून नवीन घे, कोड मग साफ कर. आणि पहिल्या कमिटच्या आधी गिटइग्नोर फाइल (गिटनं कोणत्या फाइली घ्यायच्या नाही त्याची यादी) बनवून की-पासवर्डची फाइल त्यात टाक. कच्चं काम असेल तर रेपो प्रायव्हेट ठेव, २०१९ पासून ते फुकटात कितीही ठेवता येतात.

प्रोजेक्टची झिप करून मात्र अपलोड करू नको, आमच्या वर्गातले अर्धे तेच करत होते. झिपच्या आत कोणती ओळ बदलली ते दिसत नाही, मग पेनड्राइव्हच काय वाईट होता. अन १०० एमबीच्या वरची फाइल गिटहब घेतच नाही.

काय बनवू म्हणून अडून राहू नको, पंधरा लिटरच्या पंपाला किती एमएल औषध याचं एक पानाचं कॅल्क्युलेटर बनव, गिटहब पेजेसवर (गिटहबचीच वेबसाइट चालवायची सोय) फुकटात लाइव्ह होते अन लिंक गावच्या ग्रुपवर टाकता येते. फक्त आकडे औषधाच्या लेबलवरून घे, अंदाजानं नको, कोणाचं पीक जळलं तर घरी येतील.

कुठं अडकला तर एररची पूर्ण ओळ कॉपी करून कमेंटमध्ये टाक, स्क्रीनचा फोटो नको, आमच्या इथं तो उघडायलाच दहा मिनिटं लागतात.