आईला अंग बाहेर येण्याचा त्रास होता, मी आत्तापासून काय करू?

तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पहिलं बाळंतपण, चोविसावा आठवडा चालू. आईला अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भाशय योनिमार्गातून खाली उतरण्याचा, त्रास झाला आणि शेवटी पिशवी काढावी लागली. तुला स्वतःला अजून काहीच होत नाही. मैत्रिणीने केगलचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामाचा, व्हिडिओ पाठवलाय, सासूबाई म्हणतात आता नसते व्यायाम नकोत, आणि जाऊबाईंच्या मते सिझेरियन करून घेतलं की प्रश्नच मिटला.

एकोणीस वर्षं मी बायकांच्या फिजिओथेरपीचं काम करते आहे. त्रास सुरू व्हायच्या आधी विचारणारी बाई मला क्वचित भेटते. बहुतेक जणी येतात तेव्हा शिंकताना लघवी सुटायला लागून दहा-दहा वर्षं झालेली असतात, लग्नकार्याला जायचं तर आधी पॅड शोधायचं इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळे तुझा प्रश्न वाचून मला मनापासून बरं वाटलं.

उत्तर असं: हो, आत्ताच सुरू कर. पण व्हिडिओवरून नको, एकदा कुणाकडून तरी नीट शिकून घे.

आत्ताच का, ते सांगते. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. नऊ महिने त्या झोळीवर वजन वाढत जातं आणि बाळ बाहेर येताना ती कित्येक पट ताणली जाते. ऊतींचा चिवटपणा काही अंशी घराण्यातून येतो, म्हणून आईचा इतिहास महत्त्वाचा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये याच विषयावर मार्गदर्शिका काढली. आई किंवा सख्ख्या बहिणीला असा त्रास असेल, तर गरोदर बाईला विसाव्या आठवड्यापासून तीन महिने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली या व्यायामांचा विचार करावा, असं तीत म्हटलं आहे. ते तुलाच उद्देशून लिहिल्यासारखं आहे, आणि वेळही गेलेली नाही.

फायदा किती, तेही खरं खरं सांगते. त्रास नसलेल्या गरोदर बायकांनी हे व्यायाम केले, तर शेवटच्या महिन्यांत लघवी सुटण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी आणि बाळंतपणानंतर तीन ते सहा महिन्यांनी जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते, असं कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासून मांडलंय. अंग बाहेर येणं टळतंच, असं मात्र इतक्या ठामपणे म्हणता येत नाही. तिथला पुरावा कमी आहे. तरीही मी माझ्या पेशंटना हे करायला सांगतेच, कारण झोळी बळकट असली तर हरण्यासारखं काही नाही.

आता व्हिडिओबद्दल. अरनॉल्ड केगल या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, तेव्हा नुसतं ‘आवळा’ म्हणून ते थांबले नव्हते. योनिमार्गात ठेवायचं, दाब मोजणारं एक उपकरण त्यांनी वापरलं, म्हणजे आपण बरोबर करतोय की नाही हे बाईला स्वतःला दिसे. पुढे नाव राहिलं आणि तपासणी गळून पडली. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ बायकांना फक्त तोंडी सांगून मग तपासलं, तर जेमतेम निम्म्या जणींना नीट जमत होतं. चौथा हिस्सा जणी तर असं करत होत्या की त्याने गळती वाढावी. माझ्या टेबलावर मी हेच रोज बघते. मनापासून, घाम गाळून, पण खाली जोर देणाऱ्या बायका. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मीही तशीच करत होते. फिजिओथेरपीची पदवी हातात होती, पण हे मला कुणी हात धरून शिकवलं नव्हतं.

नीट करणं म्हणजे काय? डाव्या कुशीवर गुडघे दुमडून झोप. श्वास सोडताना, चारचौघांत वारा अडवावा तसं मागून आवळ, मग लघवी थांबवल्यासारखं पुढे आण आणि आत, वर उचल. कुल्ले, मांड्या घट्ट होता कामा नयेत, श्वास कोंडायचा नाही. तीन-चार सेकंद धर आणि पूर्ण सोड. सोडण्याला धरण्याइतकंच महत्त्व आहे, तिथे घाई करू नकोस. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत वाढव. आरशात पाहिलंस तर शिवणीची, म्हणजे योनी आणि गुदद्वारामधली, जागा आत ओढली जायला हवी, बाहेर फुगायला नको. योगवर्गात मूलबंध शिकली असशील तर कल्पना लवकर येईल. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करणं मात्र सोडून दे, त्याने मूत्राशय नीट रिकामं होण्याची सवय बिघडते.

दुसरी गोष्ट इतकी साधी आहे की बायकांना ती खरीच वाटत नाही. शिंक, खोकला येण्याआधी किंवा पाण्याची बादली उचलण्याआधी क्षणभर हे स्नायू आवळून घ्यायचे. सवयीने ते आपोआप व्हायला लागतं.

वार खाली असेल, अंगावरून जात असेल किंवा पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, तर आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. आणि कुणाकुणाचे स्नायू मुळातच आखडलेले असतात. संबंधाच्या वेळी दुखणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं ही त्याची लक्षणं. अशा बाईला आवळण्याआधी सोडायला शिकवावं लागतं. एकदा तपासून घे म्हणते ते यासाठीही. तपासणी तुझ्या परवानगीनेच होते. गरोदरपणात पुष्कळदा नुसतं बाहेरून पाहूनही भागतं, आणि नको वाटलं तर नाही म्हणायचा हक्क तुझा.

सासूबाईंना सांग, यात पोटावर ताण येत नाही, उड्या मारायच्या नाहीत. जाऊबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे: सिझेरियनने धोका कमी होतो, संपत नाही, कारण नऊ महिन्यांचं वजन झोळीने पेललेलंच असतं. केवळ यासाठी पोट कापून घ्यावं असं मला अजिबात वाटत नाही.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस. कुंथणं हा या स्नायूंवरचा रोजचा मार आहे. कमोड वापरत असशील तर पायाखाली पाट घे आणि श्वास सोडत बस. सव्वा महिन्यात पोट बांधायचा आग्रह झाला तर आधारापुरतं सैल बांध, करकचून नको. दुखणं सोसेल तसं, पहिल्या काही दिवसांतच हलकं आवळणं सुरू करता येतं. बाळाला पाजायला घेतलं की आठ वेळा, एवढं ठरवलंस तर विसरणार नाहीस.

चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागला, किंवा फाटून गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत टाके पडले, तर सहा आठवड्यांच्या तपासणीला स्वतःहून फिजिओथेरपीची चिठ्ठी माग. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर अशी दहा सत्रं सरकारी विम्यातून मिळतात. आपल्याकडे विचारावं लागतं.

आणि आईलाही घेऊन ये. पिशवी काढली तरी योनिमार्गाचा वरचा भाग पुढे खाली उतरू शकतो, हे ऑपरेशननंतर फारसं कुणी सांगत नाही. त्यांना ओटीपोटात जड वाटतं का, संध्याकाळी काही खाली आल्यासारखं होतं का, एवढं आज फोनवर विचार.