जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवर छोटे स्पीकर चालतील का?

चालतील भाऊ. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला करंट देणारा पॉवर सप्लायचा डबा. पण तुम्ही म्हणताय की स्पीकरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर जळाला म्हणून चालू कॉम्प्युटरच्याच एसएमपीएसमधून वायर काढतो, तेवढं नका करू. मी परभणीला रूम करून राहायचो तेव्हा हेच केलतं, हार्ड डिस्कला करंट देणाऱ्या चार पिनांच्या कनेक्टरची (मोलेक्स) पिवळी अन् काळी वायर कॅबिनेटच्या मागून काढली, स्पीकरमधल्या ॲम्पच्या (आवाज मोठा करणाऱ्या सर्किटच्या) बोर्डाला जोडली, मस्त वाजू लागला. रात्री सगळीकडं सामसूम झाल्यावर कळलं की गाणं बंद असलं तरी स्पीकरमधून चीं असा बारीक आवाज यायलाय, माउस हलवला की बदलतोय, पेज वर-खाली केलं की चर्र चर्र. म्हणलं ॲम्प गेला. मग ऑडिओची पिन कॉम्प्युटरमधून काढून मोबाइलला लावली, तर एकदम शांत.

ॲम्प चांगला होता, गडबड ग्राउंडची, म्हणजे मायनसच्या कॉमन वायरीची होती. ॲम्पचं ग्राउंड दोन रस्त्यांनी कॉम्प्युटरला जोडलं गेलतं, एक एसएमपीएसच्या काळ्या वायरनं अन् दुसरं ऑडिओ केबलच्या जाळीनं. मदरबोर्डाचा करंट काळ्या वायरीतून परत जाताना तिथलं व्होल्टेज जरा जरा हलत राहतं, ॲम्प तेच मोठं करून ऐकवतो. 1000 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावून पाहिला, काडीचा फरक पडला नाही.

म्हणून वेगळा, पडून असलेला एसएमपीएस घ्या. हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो, पिवळी 12 व्होल्ट, लाल 5. जुन्या एसएमपीएसला लालवर लोड नसला तर पिवळीचं व्होल्टेज खाली येतं, त्यासाठी लाल-काळीमध्ये 10 ओहम 10 वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर टाका, तो तापतो, प्लास्टिकला चिकटवू नका. पिवळीला 2 अँपिअरचा फ्यूज पाहिजेच, या वायरीतून 10 अँपिअर सहज येतात, शॉर्ट झालं तर तुमची बारीक वायर पार वितळेल. कॉम्प्युटरचा अन् या एसएमपीएसचा, दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावा. तरी घूं येत असलं तर ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन ग्राउंड वेगळे ठेवणारी छोटी डबी) टाका, अर्थिंग मात्र कधीच तोडू नका.

जोडायच्या आधी जळालेल्या अडॅप्टरचं स्टिकर बघा, आउटपुट डीसी लिहिलंय का एसी. डीसी असलं तर मीटरनं प्लस-मायनस बघून जोडा. एसी असलं अन् दोनच वायरी असल्या तर आत ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) असतो, बहुतेक वेळा डीसीवर चालून जातं, ब्रिजमध्ये दीडेक व्होल्ट कमी होतात. पण तीन वायरी असल्या तर त्या ॲम्पला बहुतेक वेळा प्लस-मायनस दोन्ही सप्लाय लागतात, तिथं नुसत्या पिवळीनं काम होत नाही. यूएसबीवाले असले तर लाल-काळी पुरे.

अन् एसएमपीएसचा डबा उघडू नका, प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास साठून राहू शकतं. स्टिकरवर काय लिहिलंय ते टाका इथं, मग कोणती वायर कुठं ते नीट सांगतो.