विमा कंपनीने हायकोर्टात अपील केलं म्हणजे भरपाई गेली का?

भाऊ, तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. शेती करणारा तुमचा मोठा भाऊ 2021 मध्ये पारोळ्याजवळ पिकअपच्या धडकेत गेला, वय 34. मोटारसायकलवर तिघं होते. मागे वहिनी, दोन लहान मुलं आणि आई. मोटार अपघात न्यायाधिकरणाने महिना 8 हजार उत्पन्न धरून 12 लाख 22 हजार आणि अर्जाच्या तारखेपासून 7 टक्के व्याज मंजूर केलं. आता विमा कंपनीने छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात अपील टाकलंय, दहा-बारा दिवसांपूर्वी वहिनीच्या नावाची नोटीस आली, आणि कोणीतरी मध्यस्थ म्हणतोय की 8 लाखांत मिटवा, नाहीतर मुलं मोठी होतील तरी पैसा दिसणार नाही.

वहिनींना सध्या कशावरही सही करू देऊ नका.

मी वकील नाही. जळगावला मोटार अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या वकिलांकडे कारकून आहे. नकला काढणं, अर्ज टाईप करून घेणं, अर्जदारांना तारखा कळवणं हे माझं रोजचं काम. हायकोर्टाची नोटीस हातात पडली की माणसं कशी खचतात ते मी रोज बघतो. एक म्हातारी आमच्या टेबलाशी उभी राहून एवढंच विचारत होती, "पैसा भेटतीन का भाऊ?" नोटीस म्हणजे आपण हरलो, अशी तिची पक्की समजूत झाली होती. तसं काही नसतं. अपील कंपनीने केलं असलं तरी तुमचा निवाडा आज जसाच्या तसा उभा आहे, आणि तुमच्या आकड्यांवरून मला वाटतं की या अपिलात कंपनीपेक्षा तुम्हालाच मिळवण्यासारखं जास्त आहे.

कसं ते सांगतो. निवाड्याची साक्षांकित नक्कल समोर घ्या आणि न्यायाधिकरणाने 12 लाख 22 हजार कुठून आणले ते पाहा. 8 हजारांतून मयताच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, कारण अवलंबून असलेले चौघं. राहिले 6 हजार, वर्षाचे 72 हजार. वय 34 म्हणून गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, 16. हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे बरोबर आहे: 31 ते 35 वयाला 16, 36 ते 40 ला 15, असा तो उतरत जातो. गुणाकार झाला 11 लाख 52 हजार. त्यात वहिनींना सहवास गमावल्याचे 40 हजार, मालमत्तेच्या नुकसानीचे 15 हजार, अंत्यविधीचे 15 हजार.

यात दोन गोष्टी राहून गेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 31 ऑक्टोबर 2017 ला प्रणय सेठी प्रकरणात ठरवून दिलंय की माणूस नोकरदार नसला, शेती किंवा छोटा धंदा करणारा असला, तरी पुढे त्याची कमाई वाढली असती हे धरायचं. चाळिशीच्या आतल्या माणसाला 40 टक्के, 40 ते 50 ला 25, 50 ते 60 ला 10. म्हणजे 8 हजारांचे 11,200 व्हायला हवे होते. चौथा हिस्सा गेला की 8,400, वर्षाचे 1 लाख 800, गुणिले 16 म्हणजे 16 लाख 12 हजार 800. दुसरी गोष्ट, सहवासाचे 40 हजार फक्त पत्नीला नसतात. 2018 पासून मुलांना बापाच्या आणि आईला मुलाच्या सहवासाचेही वेगळे मिळतात. चौघांचे 1 लाख 60 हजार. वर ते 30 हजार आहेतच. एकूण 18 लाख 2 हजार 800. आणि हे 2017 चे मूळ आकडे झाले. सहवास, मालमत्ता, अंत्यविधी या रकमांत दर 3 वर्षांनी 10 टक्के वाढ त्याच निकालात सांगितली आहे.

फरक झाला 5 लाख 80 हजारांचा, व्याज वेगळं. आणि समोरून निरोप येतोय 8 लाखांचा! आजच्या निवाड्यावरच वर्षाला साडेपंच्याऐंशी हजार व्याज चढतंय. अर्ज दाखल होऊन चार वर्षं झाली असतील तर कंपनी आजच साडेपंधरा लाखांच्या वर देणं लागते. त्याच्या निम्म्यात विधवेला गप्प बसवायचं, याची मला मनापासून चीड येते.

पण ही वाढ आपोआप मिळत नाही, आणि इथेच बहुतेक कुटुंबं गप्प राहून नुकसान करून घेतात. स्वतः अपील करायची मुदत निवाड्यापासून 90 दिवस. ती तुमची गेलेली दिसते. पण समोरच्याच्या अपिलाची नोटीस बजावल्यापासून एका महिन्यात क्रॉस ऑब्जेक्शन, म्हणजे उलट हरकत, दाखल करता येते. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज असतो, पण अजून दिवस हातात असताना त्या भानगडीत का पडायचं? नुसत्या कंपनीच्या अपिलात भरपाई वाढवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल आहे. 2020 मध्ये त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, अर्जदारांनी वेगळं अपील केलं नाही एवढ्या तांत्रिक कारणावरून वाढ नाकारू नये असंही म्हटलंय. दुसरा निकाल आपल्या सोयीचा आहे, पण त्याच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसू नका. उलट हरकत टाकाच.

आता पैसे कधी मिळणार. अपील दाखल झालं म्हणून निवाड्याला आपोआप स्थगिती मिळत नाही. अपील ऐकलं जावं यासाठी कंपनीला कलम 173 खाली 25 हजार किंवा मंजूर रकमेची निम्मी, यातली जी कमी ती भरावी लागते. ती किरकोळ. वसुलीला स्थगिती हवी तर वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्यावर हायकोर्ट साधारणपणे मोठी रक्कम, पुष्कळदा व्याजासकट सगळी, कोर्टात भरायला लावतं. ती भरली गेली की तुमच्या वकिलाने त्यातली रक्कम काढण्याचा दिवाणी अर्ज करायचा. काही हिस्सा काढायची परवानगी सहसा मिळते. अपिलात उलटं झालं तर परत करीन असं हमीपत्र वहिनींना द्यावं लागतं. मुलांच्या नावचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतो, पण शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी कोर्टाकडे मागता येतो. आणि कंपनीने स्थगिती घेतलीच नसेल, तर न्यायाधिकरणात वसुलीची दरखास्त लावायला काहीच हरकत नाही. म्हणून वकिलांना पहिला प्रश्न हाच विचारा: स्थगिती आहे का, आणि असेल तर किती रक्कम भरून?

अपिलातले मुद्दे तुम्ही लिहिलेत त्यात घाबरण्यासारखं मला फार दिसत नाही. पिकअपच्या ड्रायव्हरकडे हलक्या वाहनाचाच परवाना होता, मालवाहू गाडीचा नव्हता, हा मुद्दा पूर्वी फार चालायचा. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. मोटारसायकलवर तिघं होते म्हणून मयताचाही दोष, या मुद्द्यावरही 2020 चा निकाल आहे: तिघं बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं, नुसतं तिघं होते म्हणून भागत नाही. इथे घटनास्थळ पंचनामा नीट वाचा. मोटारसायकल डांबरी रस्त्याच्या कोणत्या कडेला पडली होती, काचा कुठे सांडल्या होत्या, पिकअपच्या ब्रेकच्या खुणा कोणत्या बाजूला गेल्या होत्या, हे त्यात फुटांत किंवा मीटरमध्ये लिहिलेलं असतं. आणि कंपनीने ड्रायव्हरला साक्षीला बोलावलं होतं का तेही पाहा. बहुतेक वेळा बोलावलेलं नसतं, आणि मग मयतावरचे निष्काळजीपणाचे आरोप कागदावरच राहतात.

उत्पन्नाचा मुद्दा मात्र आपल्या खान्देशात खरोखर नाजूक आहे. आपल्याकडे पगाराची चिठ्ठी कोणाकडे असते? शेतकरी गेला की समोरचा वकील हमखास म्हणतो, जमीन तर वारसांकडेच राहिली, मग नुकसान कसलं? 2003 च्या एका निकालाचा त्याला आधारही आहे: जमीन राहते, म्हणून शेतीवर देखरेख करणारा माणूस गेल्याचं तेवढं नुकसान धरायचं. ज्याने पहाटे तीनला उठून विहिरीवरची मोटर चालू केली आहे त्याला विचारा, देखरेख म्हणजे काय ते. भाऊ गेल्यावर तुम्ही ती जमीन बटाईने दिली असेल, तर निम्मं उत्पन्न घरातून गेलं हे तिथेच सिद्ध होतं. याचा काही पुरावा न्यायाधिकरणात दाखल झाला होता का, ते शोधा. अपिलात नवा पुरावा आणणं अवघड असतं, पण दाखल असलेल्या कागदाकडे न्यायाधिकरणाने नीट पाहिलं नसेल तर तो हायकोर्टात पुन्हा दाखवता येतो.

आमच्याकडे यावल तालुक्यातली एक बाई आली होती, नवरा केळीची बाग करायचा. तिने पिशवीतून डेअरीचं दुधाचं पुस्तक काढलं. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, भाव, दहा दिवसांचा हिशेब, खाली सही. नवरा गेल्याच्या दिवसापासून पानं कोरी, आणि महिन्याभरानंतर म्हैस विकल्याची पावती त्यातच घडी घालून ठेवलेली. शिवाय केळी भरून दिल्याच्या व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या. तिच्या दृष्टीने तो रद्दीचा गठ्ठा होता, वकिलांनी तो क्रमाने लावून दाखल केला आणि उत्पन्न ठरवताना तोच कामी आला. तुमच्या भावाचं दुधाचं पुस्तक, बाजार समितीच्या कापूस-मक्याच्या पावत्या, पीककर्जाचं खातं यातलं काय दाखल आहे, ते निशाणी क्रमांकासकट (कोर्टाने त्या कागदाला दिलेला नंबर) वकिलांकडून लिहून घ्या.

मिटवायला माझा विरोध नाही. लोकअदालतीत चांगल्या तडजोडी होतात आणि पैसा लवकर हातात येतो. पण तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. तेव्हा वरची आकडेमोड कागदावर ठेवून बोला, आणि बोलणी कंपनीच्या वकिलाशी तुमच्या वकिलामार्फतच करा, त्रयस्थ मध्यस्थाशी नको.

खर्चाची काळजी तुम्ही लिहिली आहे. बाई असेल तर उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळण्याचा कायद्याने हक्क आहे, मुलांनाही आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, हायकोर्टातल्या प्रकरणासाठी अर्ज तिथूनही पुढे पाठवता येतो. दर तारखेला कन्नडचा घाट चढून संभाजीनगरला जायची तर मुळीच गरज नाही. अपिलाचं काम वकीलच बघतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगतो, राग मानू नका. हा पैसा वहिनींचा, मुलांचा आणि आईचा आहे. वहिनींचं खातं त्यांच्या एकट्यांच्या नावाने असू द्या, पासबुक त्यांच्याकडेच राहू द्या. उद्या त्यांनी दुसरं लग्न केलं तरी त्यांचा हक्क जात नाही. भावाच्या एलआयसीचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून काही वजा होत नाही, हे 1998 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने आपल्या एसटी महामंडळाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय. आईंचं वय झालंय म्हणालात. अपील चालू असताना त्यांचं काही बरंवाईट झालं तर वकिलांना लगेच कळवा, वारसांची नोंद 90 दिवसांत करून घ्यावी लागते.

नोटिशीवर फर्स्ट अपीलचा नंबर आणि वर्ष असेल. हायकोर्टाच्या वेबसाईटवर औरंगाबाद खंडपीठ निवडून तो टाकला की आजवरचे आदेश दिसतात, स्थगितीचा आदेश झाला असेल तर तोही. तो आदेश काढून इथे खाली त्यातला रक्कम भरण्याचा भाग लिहा, नावं गाळून. रक्कम काढण्याच्या अर्जाला कोणते कागद लागतील ते मी त्यावरून सांगतो.