परदेशी प्रोजेक्ट आलाय, सही करू का?

प्रश्न : सर नमस्कार, मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. आमच्या भागातल्या तुरीच्या मुळांवरच्या गाठीत जे जिवाणू असतात त्यांच्यावर माझं काम चालू आहे. एका कॉन्फरन्सला जर्मनीच्या एका प्राध्यापक मॅडमची ओळख झाली, त्या आता म्हणायल्यात की सोबत प्रोजेक्ट करू, पैसे थेट तुमच्या खात्यावर टाकते, तुम्ही फक्त कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले ते जिवाणू, कुरिअरनं पाठवा. कल्चर फ्रीजमध्ये तयार आहेत. प्राचार्य म्हणतात सही करून मोकळ्या व्हा, अशी संधी परत यायची नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी मनापासून अभिनंदन. आपल्या कोरडवाहू तुरीवरचं काम जर्मनीपर्यंत गेलं याचा मला खरंच आनंद झालाय, म्हणूनच सांगतो, एकटीनं सही करू नका आणि पैसे स्वतःच्या खात्यावर तर अजिबात घेऊ नका.

असा करार दोन संस्थांमध्ये असतो. तुम्ही त्यात पीआय, म्हणजे मुख्य संशोधक, कामाची जबाबदारी तुमची, पण पैसा, हिशोब आणि कायद्याची जबाबदारी संस्थेची, त्यामुळं सही संस्थेच्या अधिकृत माणसाचीच पाहिजे.

आता पैशाचं. तुमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घेण्याच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन आहे का हे ऑफिसात आजच विचारा. त्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी निधी आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, तिथून मग तुमच्या इकडच्या खात्यात. तो दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही, म्हणजे एका कॉलेजनं घेऊन दुसऱ्याला वाटून द्यायचं हे जे पूर्वी चालायचं ते बंद, आणि प्रशासकीय खर्चही २० टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो. रजिस्ट्रेशन नसेल तर त्या एका देणगीदारापुरती, त्या एका कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते. वेळ लागतो, पण रस्ता आहे.

कल्चरचं तर अजून नाजूक. २००२ च्या जैवविविधता कायद्यात जिवाणूसुद्धा येतात. परदेशी संस्थेला ते द्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. सहयोगी संशोधनाला यातून सूट आहे, पण प्रोजेक्ट केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत बसला पाहिजे आणि त्याला सरकारची मान्यता पाहिजे, ती सुद्धा आधी, पाठवून झाल्यावर नाही. पुढं पेटंटचा विषय निघाला तर परत प्राधिकरणाचं दार आहेच, म्हणून निष्कर्ष कुणाचे, पेपरवर नावं कुणाची हे करारातच लिहून घ्या.

हे सगळं तुम्ही एकटीनं करावं असं कुणीच म्हणत नाही. २०१६ च्या महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यात राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी वेगळं मंडळ आहे, संशोधनासाठी वेगळं. संभाजीनगरला विद्यापीठात जाऊन संशोधन विभागात भेटा, कराराचा मसुदा सोबत न्या. ते लोक रोज हेच बघतात, आणि खरं सांगायचं तर आपली कॉलेजं तिथं विचारायलाच जात नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक, बजेटमध्ये हिशोब ठेवणाऱ्या माणसाचा पगार धराच. मी संशोधन विभागात होतो तेव्हा एका चांगल्या प्रोजेक्टचा शेवटचा हप्ता अडकला होता, काम पूर्ण, पेपर छापून आलेले, पण कुणी किती दिवस काम केलं याची दर महिन्याला सही केलेली नोंदच नव्हती. युरोपातल्या निधीला ती नोंद मागतात. त्या मॅडमचा पैसा नेमका कुठल्या निधीतून येतोय तेही विचारून घ्या, कारण होरायझन युरोपसारख्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या संशोधन निधीच्या, योजनेत भारतातल्या संस्थेला आपोआप पैसे मिळत नाहीत.

उशीर होईल म्हणून घाबरू नका. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होतंय ना, अमेरिकेच्या सोबतीनं, त्याला २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली आणि २६०० कोटींची अंतिम मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडलं. तुमचं काम एवढं मोठं नाही, काही महिन्यांत होऊ शकतं. मॅडमना आजच मेल करा की आमच्याकडं अशी अशी प्रक्रिया आहे, करार संस्थेच्या नावानं पाठवा. मेलची कॉपी प्राचार्यांना ठेवा, आणि मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत कल्चर फ्रीजमध्येच राहू द्या.