ओटा काळ्या ग्रॅनाइटचाच ठेवून किचन नव्याने करतोय. शटर, टाइल्स आणि नळ कसे निवडावेत?

शटरला फिकट मॅट लॅमिनेट, ओट्यामागे ऑफ-व्हाइट टाइल्स आणि सिंक-नळ दोन्ही ब्रश फिनिश स्टीलचे घ्या. काळा ओटा उजेड खातो, म्हणून त्याच्या वर-खाली उजळ रंग हवाच. ग्रॅनाइट ठेवताय हे फार चांगलं: संगमरवरावर लिंबू-चिंचेचे चट्टे पडतात, क्वार्ट्झ या कृत्रिम दगडाला बांधून ठेवणाऱ्या रेझिनला (चिकट राळेला) गरम कढई सोसत नाही, आपल्या स्वयंपाकाला ग्रॅनाइटच टिकतो. टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट नको, हळदीने पिवळं पडतं. राखाडी इपॉक्सी (सहसा डाग न धरणारा रेझिनचा भराव) भरून घ्या. काळा नळ आवडत असेल तर जरूर घ्या, पण पाणी बोअरचं असेल तर नको, क्षारांचे पांढरे डाग त्यावर लगेच उठून दिसतात. आणि लॅमिनेटचा नमुना घरी आणून, ओट्याला टेकवून, दिवसा आणि रात्रीच्या दिव्यात पाहा.